भादव्यात मेंढरं लंगडतात, तोंडं सुजतात : निळ्या जिभेचा दरवर्षीचा फेरा कसा तोडायचा

तक्रार साधारण अशी असते. पोळ्यापर्यंत वाडा, म्हणजे मेंढपाळाचा मुक्कामाला बसलेला कळप, ठणठणीत. गौरी-गणपती होतात, परतीचा पाऊस धरतो आणि एका सकाळी वाघर (मेंढरांभोवती लावलेलं जाळं) उचलल्यावर चार-सहा मेंढरं उठायलाच मागत नाहीत. उठवली तर ताठ पायांनी, अंग चोरत चालतात. नाकाला पाणी, ओठ जाड, तोंडातून लाळेची तार. आठ दिवसांत आकडा चाराचा चाळीस होतो. दुकानातून आणलेली इंजेक्शनं होतात, काही मेंढरं सुधारतात, काही जातात. दिवाळीनंतर थंडी पडली की सगळं आपोआप थांबतं, आणि ज्याचं औषध शेवटी चाललं होतं त्याला श्रेय मिळतं. पुढच्या भादव्यात पुन्हा पहिल्यापासून.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पुरंदर, पारनेर, कुठल्याही मेंढपाळाला विचारा, हा अनुभव आहेच. यातली बरीच प्रकरणं नीलजिव्हा म्हणजे ब्लू टंग या विषाणूच्या रोगाची असतात. भारतातली या रोगाची पहिली नोंदच १९६४ सालची आणि आपल्या महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांची आहे. म्हणजे पाहुणा नवा नाही. तरी दर वर्षी तो नवा असल्यासारखी धावपळ होते, कारण आपण सप्टेंबरात औषधं बदलत बसतो आणि ज्या गोष्टी मे-जूनमध्ये बदलायच्या त्या तशाच राहतात. हे सगळं लिहिण्यामागे तेवढाच मुद्दा आहे. पण त्याआधी, तुमच्या वाड्यात आलेला रोग हाच आहे का ते पाहू.

आधी खात्री करा

थर्मामीटर घ्या. प्रत्येक वाड्यात एक असायलाच हवा, घोंगडीच्या घडीत ठेवलेला चालेल, पण हवा. मेंढीचं नेहमीचं तापमान १०२ ते १०३.५ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. निळ्या जिभेत ते १०५ ते १०७ पर्यंत चढतं. ताप तोंड सुजण्याच्या आधी येतो, त्यामुळे फक्त लंगडणारी मेंढी मोजू नका. कळपात मागे राहणारी, चरताना मान खाली न घालणारी, सावलीला जाऊन उभी राहणारी अशी चार-पाच धडधाकट दिसणारी मेंढरंही मोजा. त्यांच्यातल्या दोघांना १०६ निघाला तर उद्या-परवा कोण लंगडणार ते आजच कळलं.

मग तोंड. ओठ, हिरड्या आणि वरची दातांची पट्टी लालबुंद, जागोजाग साल गेल्यासारखी. नाकपुडीच्या कडा लाल, आधी पातळ पाणी, दोन-तीन दिवसांत घट्ट शेंबूड आणि त्याची खपली, मग मेंढी तोंडाने श्वास घेते. सूज ओठांपासून जबड्यावर, कधी कानांपर्यंत जाते. जीभ निळी-जांभळी होईलच याची वाट पाहू नका. नावात निळी जीभ असली तरी ती फार थोड्या मेंढरांत दिसते. "जीभ निळी नाही, म्हणजे तो रोग नाही" असं म्हणून आठवडा घालवलेले कितीतरी वाडे आहेत.

खरी खूण पायात सापडते. मेंढीला ढुंगणावर बसवा, पाठ तुमच्या गुडघ्यांना टेकलेली. पायावरचा चिखल पाण्याने धुऊन फडक्याने पुसा. जिथे कातडी संपते आणि खूर सुरू होतो त्या कडेवरचे केस अंगठ्याने वर सारा. निरोगी मेंढीत ही कड फिकी असते. या रोगात तिथे लाल-जांभळा पट्टा दिसतो, हात लावला तर गरम लागतो, आणि हलकंच दाबलं की मेंढी पाय झटकते. काळ्या खुरावर पट्टा पटकन दिसत नाही, तेव्हा पांढऱ्या खुराची मेंढी शोधा आणि उजेडाकडे तोंड करून पाहा. आता दोन खुरांच्या मधली बेचकी उघडा. ती स्वच्छ असेल, वास नसेल, फोड नसेल आणि वरची कड मात्र लाल असेल, तर संशय पक्का धरा. जुन्या दुखण्यात मान एका बाजूला वळलेली मेंढीही दिसते. तो मानेच्या स्नायूंचा त्रास आहे, वारं गेलं नाही.

याच्यासारखे दिसणारे दुसरे रोग

गोंधळ सर्वांत जास्त लाळ्या-खुरकुताशी होतो. तिथे खुरांच्या बेचकीत आणि तोंडात फोड येतात आणि आसपासच्या गायी-म्हशींनाही लाळ सुटते. निळ्या जिभेत गायीला विषाणू असतो, पण ती बहुधा आजारी दिसत नाही. म्हणून गोठ्यातली गाय लाळ गाळत असेल तर लाळ्या-खुरकूत समजून चाला, आणि गाय मजेत रवंथ करत असताना फक्त मेंढरं कोलमडली असतील तर इकडे वळा.

खुरसड्यात बेचकीला घाण वास येतो, तोंड साफ असतं, ताप एवढा चढत नाही. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणू रोगात तोंड आणि डोळ्यांबरोबर हगवण लागते आणि वाड्यातल्या शेळ्या मेंढ्यांपेक्षा जास्त झोडपल्या जातात. निळ्या जिभेत उलट, शेळ्या बऱ्याचदा नुसत्या मरगळून सावरतात. माव्यात ओठांच्या कोपऱ्यांना जाड खपल्या येतात, तो जास्त करून कोकरांना होतो आणि ती पाजणारीच्या सडालाही देतात. देवीच्या गाठी बिनलोकरीच्या जागी, शेपटीखाली आणि जांघेत चाचपून कळतात.

गळ्याखाली पाणी साठणं हा वेगळा प्रकार आहे. ते जंतांचं. सूज मऊ, गार, फक्त जबड्याखाली असते, संध्याकाळी चरून आल्यावर मोठी दिसते आणि सकाळी उतरलेली असते. खालची पापणी ओढून पाहा, डोळा पांढराफटक निघतो. पावसाळ्याच्या शेवटी जंत आणि निळी जीभ एकाच वाड्यात एकाच वेळी असणं अगदी शक्य आहे, आणि अशा वाड्यातच मर सर्वांत जास्त होते. घाणेरी खाऊन उन्हात फिरलेल्या मेंढीचेही कान आणि तोंड सुजतं, पण तिचे डोळे पिवळट असतात आणि खुराची कड स्वच्छ असते.

एवढं पाहून झाल्यावरही शेवटचा शब्द प्रयोगशाळेचाच. नुकताच ताप चढलेल्या दोन-तीन मेंढरांचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत आणि थोडं लाल बुचाच्या नळीत डॉक्टरांकडून काढून घ्या. पंधरा दिवस लंगडणारी मेंढी नमुन्यासाठी निवडू नका, विषाणू ताज्या तापात भरपूर असतो. जांभळ्या बुचाची नळी बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठवू नका. मेलेल्या मेंढीची प्लीहा घेता आली तर उत्तम. नमुने तालुक्याच्या दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. हा रोग २००९ च्या केंद्रीय कायद्यात कळवायच्या रोगांच्या यादीत आहे. कळवलं तर वाडा अडवतील अशी भीती घालणारे भेटतात. पण न कळवल्यामुळे आपल्या भागात विषाणूचा कुठला प्रकार फिरतोय हे कुणालाच कळत नाही, आणि पुढे लशीचा विषय निघेल तेव्हा तेच आड येतं.

दरवर्षी का येतो

मेंढी मेंढीला हा रोग देत नाही, निदान आपल्याला काळजी वाटावी इतका देत नाही. तो देतं केमरं. कुणी चिलट म्हणतं. शास्त्रातलं नाव क्युलिकॉइडिस. एक ते तीन मिलिमीटरचा कीटक, पंखांवर ठिपके, आणि चावते फक्त मादी. दिवे लागणीला आणि पहाटे तिचा जोर. दिवसा दिसत नाही म्हणून "आमच्याकडे डास नाहीत" असं सांगितलं जातं. संध्याकाळी वाघरीपाशी उभं राहून मेंढीच्या कानावर आणि पोटाखाली बॅटरी मारा, मग बोलू.

हिची पैदास होते ओल्या शेणात आणि शेण मिसळलेल्या चिखलात. पाणवठ्याचा काठ, गळक्या हौदाखालची ओल, उकिरड्याची बाजू, गोठ्याच्या मोरीचं तोंड. साचलेलं स्वच्छ पाणी हे डासांचं घर, केमऱ्याचं घर म्हणजे चिखल. पाऊस पडत असताना तिला फारसं उडता येत नाही, आणि उघडीप पडली की तिचं फावतं. म्हणून उत्तरा-हस्ताचा पाऊस पडून उघडला की दोन-तीन आठवड्यांनी मेंढरं पडायला लागतात. आजारी जनावराचं रक्त प्यायलेल्या मादीच्या अंगात विषाणू वाढायला उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात, आणि पुढे ती जगेल तोवर तो देत राहते. नव्या मेंढीला चावल्यावर आणखी पाच-सात दिवसांनी ताप. हा हिशेब लक्षात ठेवला तर आज आजारी पडलेली मेंढी गेल्या आठवड्यात जिथे बसली होती ती जागा तपासायची, आजची नाही, हे लक्षात येईल. थंडीत रात्रीचा पारा १५ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागला की केमऱ्याच्या अंगात विषाणू वाढणं जवळपास थांबतं. दिवाळीनंतर रोग थांबतो तो यामुळे. त्या आठवड्यात टोचलेल्या महागड्या बाटलीमुळे नाही. कोकणात उतरणाऱ्या वाड्यांना मात्र हा फायदा पुरता मिळत नाही, तिथल्या रात्री तेवढ्या गार होत नाहीत.

मग उन्हाळ्यात विषाणू जातो कुठे? गायी-म्हशींत. गायीच्या रक्तात तो दोन महिन्यांपर्यंत राहू शकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. गोठ्याला लागून मेंढरं बसवली की केमरं गायीवरून मेंढीवर जायला पंधरा फूट पुरतात. शेतकऱ्याला मेंढरांच्या लेंड्यांचं खत हवं असतं, तो गोठ्याजवळच्या रानातच वाडा बसवायला सांगतो, आपणही पाणी जवळ म्हणून बसतो.

दुसरं कारण म्हणजे विषाणू एक नाही. जगभरात त्याचे चोवीसहून जास्त प्रकार ठाऊक आहेत आणि त्यातले बरेच भारतात सापडलेत. एका प्रकारातून उठलेल्या मेंढीला त्याच प्रकारापासून चांगलं संरक्षण मिळतं, दुसऱ्यापासून मिळेलच असं नाही. युरोपचं उदाहरण घ्या. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीच्या सीमाभागात २००६ साली ८ नंबरचा प्रकार घुसला, पुढे लशीकरणाने आटोक्यात आणला. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये ३ नंबर आला आणि ८ ची लस काही कामाची नव्हती, नवी लस येईपर्यंत मेंढपाळांनी ढीगभर मेंढरं गमावली. "गेल्या वर्षी येऊन गेला, आता यंदा नाही येणार" हे म्हणूनच धरून चालता येत नाही.

तिसरं कारण घरचंच. दर वर्षी वाड्यात कोकरं येतात आणि बाजारातून नवी मेंढरं येतात. त्यांनी हा विषाणू कधी पाहिलेला नसतो. आईच्या चिकाचं संरक्षण साधारण तीन महिन्यांपर्यंत टिकतं. त्यापुढे ती उघडी.

काही जण म्हणतात, आपली दख्खनी आणि माडग्याळ काटक, रोग फक्त संकरित मेंढ्यांना होतो. मेरिनो-रॅम्ब्युले या विदेशी जातींच्या रक्ताच्या मेंढ्यांना तो जास्त जड जातो हे बरोबर. पण दक्षिण भारतातल्या देशी जाती, दख्खनी आणि नेल्लोर धरून, चांगल्याच आजारी पडतात.

"लस टोचली होती, तरी आला"

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि लशीवरचा विश्वास यामुळेच उडतो. एकेक करून तपासा.

टोचली ती कुठली लस? हा प्रश्न अपमान वाटून घेऊ नका. "डॉक्टर, सगळ्या वाड्याला लस झालीय की!" असं सांगणाऱ्याकडे रिकामी बाटली मागितली तर निम्म्या वेळा आंत्रविषाराची किंवा पीपीआरची निघते. मेंढपाळाच्या दृष्टीने लस ती लस, पण या रोगाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. बाटलीवर ब्लू टंग लिहिलेलं हवं. लेबल फाडून वहीत चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. वही नसेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कधी टोचली? तापाच्या साथीत टोचलेली लस त्या साथीला थांबवत नाही. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ज्या मेंढीच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय ती लस टोचूनही पडणारच. मग नाव लशीचं खराब होतं. त्याहून वाईट म्हणजे साथीत एकच सुई सगळ्या वाड्यात फिरवली तर रक्तातून विषाणू या मेंढीतून त्या मेंढीत आपणच नेतो. सुई बदला, नाहीतर उकळा. नुसती स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली सुई बदललेली म्हणू नका.

कशी आणली? भारतात मिळणारी लस मारलेल्या विषाणूची आहे. ती २ ते ८ अंशांत ठेवायची. उन्हात डिकीत तासभर राहिली तर गेली, आणि बर्फाला चिकटून गोठली तरी गेली. गोठलेली लस वितळून पुन्हा दिसायला ठीक वाटते, म्हणून फसवते. बर्फाच्या तुकड्यांत बाटली थेट खुपसू नका, मध्ये कागद किंवा फडकं घाला.

पूर्ण टोचली का? मात्रा आणि दुसरा डोस बाटलीसोबतच्या पत्रकात असतो. पहिल्यांदा लस घेणाऱ्या मेंढीला पत्रकात दुसरा डोस सांगितला असेल तर तो टाळू नका. वाटेत वाडा पुढे गेला, डॉक्टर मागे राहिले, दुसरा डोस राहून गेला, असं भटकंतीत होतंच. म्हणून पहिला डोस घेतानाच दुसऱ्याच्या दिवशी आपण कुठल्या गावात असू ते ठरवा आणि तिथल्या दवाखान्याला आधीच फोन करा.

आणि मग राहिला प्रकारांचा प्रश्न. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या देशव्यापी प्रकल्पातून तयार झालेली आपली लस पाच प्रकारांवर आहे: १, २, १०, १६ आणि २३. आपल्याकडे जास्त धुमाकूळ घालणारे प्रकार पाहूनच हे पाच निवडले गेले. पण सहावा आला तर लशीचं बळ कमी पडू शकतं. वर सगळं बरोबर करूनही जोरात साथ आली, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी, आणि ते ठरवायला नमुना लागतो. नमुना न पाठवता "लस बोगस" म्हणणं सोपं आहे.

माझ्या अंदाजाने "लस टोचून आला" म्हणणाऱ्यांत प्रकारामुळे फसलेले थोडे, आणि उशीर किंवा भलतीच लस यामुळे फसलेले फार.

आज वाड्यात रोग आहे, आता काय

वाडा थांबवा. यावर माझं मत ठाम आहे, आणि हे ऐकायला कुणालाच आवडत नाही हेही ठाऊक आहे. या रोगात रक्तवाहिन्या आणि स्नायू दोन्ही दुखावलेले असतात, त्यावर रोजची आठ-दहा किलोमीटरची चाल म्हणजे मेंढी मारायचा रस्ता. रान संपलंय, शेतकरी पुढे सरका म्हणतोय, पुढच्या गावात खताचे पैसे ठरलेत, या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. निदान आजारी मेंढरांना एका माणसासोबत मागे ठेवा किंवा टेम्पोने पुढे न्या. चालवत नेऊ नका.

ऊन टाळा. उन्हाने तोंडाची सूज आणि कातडीचा दाह वाढतो. झाड नसेल तर काठ्यांवर घोंगडी किंवा ताडपत्री ताणा, पण चारी बाजू मोकळ्या राहू द्या.

तोंडाने जबरदस्ती काही पाजू नका. हा मुद्दा मी मोठ्याने सांगतो. या रोगात घशाचे आणि अन्ननळीचे स्नायू अधू होतात. मेंढीची मान वर करून बांबूच्या नळ्याने किंवा बाटलीने काढा, तेल, गुळाचं पाणी घशात ओतलं की अर्धं फुप्फुसात जातं. तिसऱ्या दिवशी मेंढी न्यूमोनियाने मरते आणि आपण म्हणतो रोग वाईट होता. अशा मेंढीला पातळ आंबील किंवा गूळ-मिठाचं कोमट पाणी उथळ पाटीत पुढे ठेवा, मान तिची तिला खाली घालू द्या. लसूणघास, मेथीघास किंवा कोवळं गवत बारीक करून द्या. कडब्याची ताटं तिला चावता येत नाहीत. प्यायला तयार नसेल तर डॉक्टरांना शिरेतून किंवा कातडीखाली सलाइन द्यायला सांगा.

तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने किंवा तुरटीच्या पाण्याने दिवसातून दोनदा धुवा, मग बोरोग्लिसरीन लावा. पाणी जांभळं झालं असेल तर आणखी पाणी ओता, जांभळ्याने साल जास्त जाते. नाकाची खपली कोमट पाण्याने भिजवून काढा, ओरबाडू नका. नाक मोकळं झालं की निम्म्या मेंढ्या त्याच दिवशी पाटीत तोंड घालतात. खुरांची जागा कोरडी ठेवा, जखमेवर माशी बसू देऊ नका, किडे पडले तर वेगळंच लचांड.

औषधांबद्दल थोडक्यात. विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टर प्रतिजैविक देतात ते पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियासाठी, आणि ताप-सूज उतरवायला मेलॉक्सिकॅमसारखं काही देतात. दुकानदाराच्या सल्ल्याने डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) टोचू नका. त्याने सूज दिवसभर उतरते, मेंढी तरतरीत दिसते, पण अंगातली प्रतिकारशक्ती दबते आणि पोक्त गाभण असेल तर गाभ पडतो. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते टोचलेलं मेंढरू माळावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. आपल्या डोंगरांवरून ती कशी नाहीशी झाली याचं मोठं कारण हेच.

मेलेलं मेंढरू ओढ्यात टाकू नका. खोल खड्डा, वर चुना, वर माती. हा रोग माणसाला होत नाही, दूध किंवा हाताळणीतून काही भीती नाही. पण आजारी मेंढरं घाईने बाजारात नेऊन विकणं म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात रोग पोचवणं आहे, आणि लोणंदच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात आलेलं जनावर तिथून कुठल्या जिल्ह्यात जाईल सांगता येत नाही.

केमऱ्यांचा बंदोबस्त

पूर्ण होणार नाही. आधीच सांगतो, म्हणजे फवारणीवर सगळा भरवसा राहणार नाही. विषाणू घेऊन केमरं वाऱ्यावर लांबून येऊ शकतात. पण चावे कमी झाले तरी साथीचा जोर कमी होतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बसायची जागा. केमरं अशक्त उडतात, वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. ओढ्याकाठच्या सखल रानापेक्षा माळावर, उंचवट्यावर, वारा लागेल अशा ठिकाणी वाघर मारा. गोठा, उकिरडा आणि पाणवठा यांपासून जमेल तितकं लांब. गोठ्याजवळच बसवायचा आग्रह करणाऱ्या शेतकऱ्याला भादवा-आश्विनात नाही म्हणा, हवं तर खताच्या दरात थोडं सोडा. सूर्य मावळायच्या आधी मेंढरं पाण्यावरून परत आणा. तिन्हीसांजेला पाणवठ्यावर रेंगाळणं टाळलं तरी खूप साधतं.

शेडमध्ये पाळणाऱ्यांनी संध्याकाळी पंखा लावा, शेण रोज लांब नेऊन झाका, हौदाची गळती बुजवा. साधी मच्छरदाणीची जाळी केमऱ्यांना अडवत नाही, ती त्यातून आरामात आत येतात, बारीक विणीची जाळी लागते. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर जोपर्यंत आहे तोपर्यंत कामाचा, पण वाघरीत धूर कोंडून न्यूमोनियाच्या मेंढरांना खोकवू नका. डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन किंवा फ्लूमेथ्रीन डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, पोटाखाली, पायांना आणि कानांना नीट लागेल असं मारा. पाठीवरच्या दाट लोकरीवर मारून ते वाया जातं. राहिलेलं औषध ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

पुढच्या भादव्याची तयारी

वाडे कोकणातून किंवा लांबच्या मुलखातून ज्येष्ठाच्या आगेमागे परत येतात. लशीची वेळ तीच. पाऊस धरायच्या आत, निदान साथीच्या हंगामाआधी महिनाभर, तीन महिन्यांवरची सगळी कोकरं आणि मेंढरं. नंतर जन्मलेली कोकरं तीन महिन्यांची झाली की त्यांची वेगळी फेरी. दवाखान्यात लस ऑगस्टच्या शेवटी येईल असं उत्तर मिळत असेल तर वस्तीवरच्या चार-पाच वाड्यांनी मिळून मार्चमध्येच लेखी मागणी द्या, किंवा वर्गणी काढून विकत घ्या. बाटली अनेक डोसांची असते, उघडली की त्याच वेळी संपवायची असते, म्हणून एकट्या लहान वाड्याला परवडत नाही, चौघांना परवडतं. तातडीला १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा फुकट क्रमांक आहेच, पण लशीसाठी त्याची वाट पाहू नका.

लशीच्या पंधरवडाभर आधी जंतांचं औषध द्या. जंतांनी खंगलेल्या मेंढीला लस नीट लागत नाही आणि रोगही तीच मेंढी आधी धरतो. बाजारातून मेंढरं आणायचीच असतील तर श्रावण ते कार्तिकात नका आणू. आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवा, ताप मोजा.

रोगातून उठलेल्या मेंढरांची लोकर तीन-चार आठवड्यांनी झुबक्यांनी गळू लागली तर घाबरू नका, तो तापाचा परिणाम आहे, खरूज नाही. त्यावर गोचिडांचं किंवा खरजेचं औषध टोचायचा खर्च करू नका. मेंढ्याला ताप येऊन गेला असेल तर निदान दोन महिने त्याला मेंढ्यांत सोडू नका. तापाने त्याचं वीर्य काही आठवडे निकामी होतं, विषाणूही वीर्यात उतरू शकतो, आणि एकाच मेंढ्यावर अवलंबून असलेल्या वाड्यात त्या हंगामाची निम्मी कोकरं इथेच हुकतात. त्यासाठी दुसरा, लस झालेला मेंढा आधीपासून हाताशी असू द्या.